कच कोणी खाल्ली?

आपल्या आवडत्या संघाचा पराभव झाला तर प्रेक्षक हळहळतो. परंतु आपला संघ कच खाऊन हरला असे त्याला वाटले, तर तो संतापतो. या दोन भावनांत फार मोठे अंतर आहे. हळहळणाऱ्या मनुष्याचे दुसऱ्या दिवशी जेवणखाण नीट चालते. संतापलेला मनुष्य मात्र पुढे कित्येक वर्षे तोच सामना, तीच शेवटची पाच मिनिटे, भेटेल त्याला ऐकवीत बसतो.

यंदाच्या आंतरशालेय बास्केटबॉल सामन्यांत आमच्या शाळेचा संघ उपांत्य फेरीत अवघ्या एका गुणाने हरला, तेव्हा मैदानाच्या कडेला उभे राहून आम्हीही यथेच्छ तोंडसुख घेतले. शेवटच्या क्षणी मिळालेल्या दोन फ्री थ्रोंपैकी एक आमच्या एका खेळाडूच्या हातून चुकला होता. ‘भित्रा’ हा शब्द प्रथम कोणी उच्चारला हे आता कोणी कबूल करणार नाही. पण तो उच्चारला गेला, आणि ज्याला उद्देशून होता त्याने तो ऐकला, एवढे खरे. त्यानंतर काही दिवसांनी अमेरिकेतील डॅलास शहराच्या संघाची हकीकत आमच्या वाचनात आली. तीही एका चुकलेल्या फ्री थ्रोपाशीच येऊन थांबते; किंबहुना तेथूनच ती सुरू होते. ती आमच्या वाचकांपुढे ठेवावी असे वाटले.

अमेरिकेत व्यावसायिक बास्केटबॉलची एन. बी. ए. नावाची मोठी संघटना आहे. तिच्यातील प्रत्येक संघ एका हंगामात साधारणपणे ८२ सामने खेळतो. त्यांतून निवडलेल्या १६ संघांची बाद फेरी वसंतऋतूत सुरू होते. तिला तेथे प्लेऑफ म्हणतात. एका प्रतिस्पर्ध्याशी जास्तीत जास्त सात सामने. जो आधी चार जिंकेल तो पुढे जाईल. अशा चार पायऱ्या चढल्या म्हणजे विजेतेपद.

आता वाचक विचारतील, की जो संघ ८२ सामन्यांत उत्तम खेळला तो प्लेऑफमध्येच का ढेपाळावा? खेळ तोच, चेंडू तोच, कडीही तितक्याच उंचीवर. फरक असा, की हंगामात आज एका गावी एक प्रतिस्पर्धी, तर परवा दुसऱ्या गावी दुसरा. कोणाचा बारकाईने अभ्यास करण्यास कोणालाच सवड नसते. प्लेऑफमध्ये मात्र तेच दोन संघ पंधरवडाभर एकमेकांसमोर उभे ठाकतात. अमका खेळाडू डाव्या खांद्यावरून वळून चेंडू टाकतो, तमक्याला उजवीकडे ढकलले की त्याचा तोल जातो, या गोष्टी प्रतिपक्षाचे शिक्षक चित्रफिती पाहून टिपून ठेवतात, आणि पहिल्या सामन्यात सहज मिळालेली जागा तिसऱ्या सामन्यात बंद झालेली असते. शिवाय दोन सामन्यांच्या मध्ये विश्रांती अधिक मिळत असल्याने संघातील बळकट गडी अधिक वेळ मैदानावर राहतात. अंगाला अंग घासते. सोपा गुण असा मिळतच नाही.

अशा वेळी प्रेक्षक ज्याला ‘कणखरपणा’ म्हणतो तो वस्तुतः एक गुण नसून चारपाच गुणांचे गाठोडे आहे. कडीवर आपटून परत येणारा चेंडू मिळवायचा तर आधी चेंडूकडे न पाहता प्रतिस्पर्ध्याला पाठीने रेटून धरावे लागते. हे काम कष्टाचे व बिनश्रेयाचे असते. अंगावर वेगाने येणाऱ्या गड्यासमोर पाय रोवून उभे राहणे व धक्का खाऊन पडणे, हा दुसरा प्रकार. जमिनीवर घरंगळणाऱ्या चेंडूवर झेप घेणे, हा तिसरा. सहस्रावधी लोक आरडाओरडा करीत असता हात स्थिर ठेवून चेंडू टाकणे हा त्यांहून अगदी निराळा, कारण त्यात शरीरबळाचा काहीच संबंध नाही. आणि दोन सामने हरल्यावरही आपली ठरलेली पद्धत न सोडणे, किंवा ती सोडण्याची वेळ आली हे ओळखणे, हा गुण तर मैदानावरच्या खेळाडूंपेक्षा बाकावर बसलेल्या शिक्षकाकडे हवा. प्रेक्षक मात्र हे सारे एकत्र बांधतो, आणि संघ हरला की ते सबंध गाठोडे एकाच खेळाडूच्या डोक्यावर ठेवतो.

डॅलास मॅव्हरिक्स या संघात तो एक खेळाडू म्हणजे डर्क नोवित्झ्की. जर्मनीतील वुर्त्सबुर्ग गावचा हा सात फूट उंचीचा तरुण १९९८ साली डॅलासला आला. एवढ्या उंचीच्या मनुष्याने कडीखाली ठाण मांडून खांद्याने इतरांना बाजूला सारावे, अशी तेथील जुनी समजूत. नोवित्झ्की तर दूर उभा राहून, एक पाय उचलून मागे झुकत, अलगद चेंडू टाकणारा. त्यामुळे तो कितीही गुण करो, ‘युरोपातला नाजूक गडी’ हा शिक्का त्याच्यावर आधीपासूनच उमटलेला होता. आमच्या मते अर्धा अनर्थ येथेच झाला. बळ दिसण्याची एक ठरावीक तऱ्हा लोकांच्या मनात असते, आणि तिच्यात न बसणारे बळ लोकांना दिसत नाही.

२००६ साली डॅलास प्रथमच अंतिम फेरीत पोहोचला. तेथवर येताना त्याने गतविजेत्या सॅन अँटोनियोला त्यांच्याच गावी, सातव्या सामन्यात, जादा वेळेत हरवले होते. निर्धारित वेळ संपण्यास सुमारे २२ सेकंद असताना डॅलास तीन गुणांनी मागे होता. त्या वेळी नोवित्झ्की सरळ कडीखाली घुसला, धक्का खाऊन चेंडू आत टाकला, वर मिळालेला फ्री थ्रोही साधला व बरोबरी केली. याहून कणखर कृती ती कोणती? पण ही गोष्ट पुढे महिन्याभरात लोक साफ विसरले.

कारण अंतिम फेरीत मायामीविरुद्ध पहिले दोन सामने जिंकून तिसऱ्यात डॅलास १३ गुणांनी पुढे होता आणि खेळ उरला होता साडेसहा मिनिटांचा. तो सामना त्यांच्या हातून निसटला. मायामीच्या ड्वेन वेडने त्या दिवशी ४२ गुण केले. शेवटचे साडेतीन सेकंद राहिले असता डॅलास दोन गुणांनी मागे, आणि नोवित्झ्कीला दोन फ्री थ्रो. त्या हंगामात दर दहांपैकी नऊ फ्री थ्रो साधणारा हा खेळाडू. पहिला आत गेला, दुसरा कडीवर आपटून बाहेर पडला. मायामी ९८, डॅलास ९६.

पुढचे तीनही सामने डॅलास हरला. पाचवा तर जादा वेळेत, एका गुणाने. त्या सामन्यात एकट्या वेडला २५ फ्री थ्रो मिळाले व डॅलासच्या सबंध संघाला मिळूनही २५च. यावरून डॅलासचे लोक आजही पंचांना दूषणे देतात. परंतु पंचांवरचा राग आणि आपल्या संघावरचा राग हे एकाच मनात सुखाने नांदू शकतात. पंचांनी घात केला असे म्हणणारा मनुष्यच दुसऱ्या श्वासाला म्हणतो, “पण आपले गडी तरी तसे कडीखाली घुसले का?” वेड वारंवार घुसला, म्हणून त्याला फ्री थ्रो मिळाले, डॅलासचे गडी दुरून चेंडू टाकीत राहिले, म्हणून त्यांना मिळाले नाहीत. या बोलण्यात तथ्य नव्हते असे आम्हांस म्हणवत नाही.

खरी नामुष्की पुढच्या वर्षी ओढवली. २००६-०७ च्या हंगामात डॅलासने ८२ पैकी ६७ सामने जिंकले. असा पराक्रम फार थोड्या संघांनी केला आहे. प्लेऑफमध्ये पहिल्याच फेरीत त्यांची गाठ आठव्या क्रमांकाच्या गोल्डन स्टेट संघाशी पडली. त्याचे विजय केवळ ४२. तरी डॅलास चार विरुद्ध दोन सामन्यांनी हरला. सात सामन्यांच्या फेरीत आठव्याने पहिल्याला घरी पाठविण्याचा हा पहिलाच प्रसंग. शेवटच्या सामन्यात नोवित्झ्कीने १३ वेळा चेंडू टाकला, त्यांपैकी दोनदाच आत गेला. सामना संपल्यावर आत जाताना त्याने एक जड वस्तू भिंतीवर फेकली. भिंतीला पडलेले ते भोक गोल्डन स्टेटच्या लोकांनी पुढे कौतुकाने जपून ठेवले. त्यानंतर दोन आठवडेही लोटले नाहीत, तोच त्या हंगामातील सर्वोत्तम खेळाडूचे पारितोषिक त्याला देण्यात आले. हा मान मिळविणारा तो पहिलाच युरोपीय खेळाडू. ते घेताना त्याला काय वाटले असेल याची कल्पना वाचकांनीच करावी.

आता हा पराभव केवळ भित्रेपणाचा होता काय? थोडे खोलात जाऊन पाहू. गोल्डन स्टेटचा शिक्षक डॉन नेल्सन हा २००५ पर्यंत डॅलासचाच शिक्षक होता. नोवित्झ्कीला अमेरिकेत आणणारा व घडविणारा तोच. कोणत्या जागी चेंडू मिळाला म्हणजे हा खेळाडू अजिंक्य होतो आणि कोठे अडखळतो, हे त्याच्याइतके कोणास ठाऊक असणार? त्याने नोवित्झ्कीवर त्याच्यापेक्षा बुटके पण चपळ व दणकट गडी सोडले. ते त्याच्या कमरेशी भिडून राहत, त्याला चेंडू जमिनीवर आपटू देत नसत. आणि तो वळला की दुसऱ्या बाजूने आणखी एक गडी धावून येई. घरच्या माणसाने घराचे कुलूप उघडावे तसा हा प्रकार होता. हंगामातही या दोन संघांचे तीन सामने झाले होते आणि तिन्ही गोल्डन स्टेटनेच जिंकले होते. म्हणजे हे संकट अकस्मात कोसळलेले नव्हते. ६७ विजयांच्या झगमगाटात ते कोणाच्या नजरेस आले नाही, इतकेच.

दुसरी गोष्ट अधिक बोलकी आहे. पहिल्याच सामन्यात डॅलासचे शिक्षक एव्हरी जॉन्सन यांनी आपल्या उंच गड्याला बाजूस ठेवून प्रतिपक्षासारखाच लहान चणीचा संघ आरंभी उतरविला. पहिल्या क्रमांकाच्या संघाने आठव्यासाठी आपला वेष बदलावा! तो सामना डॅलास हरला. कच खाल्लीच असेल तर ती येथे, बाकावर, खेळ सुरू होण्यापूर्वी खाल्ली गेली, असे पुष्कळांचे मत आहे व आम्हांसही ते पटते. उलट पाचव्या सामन्यात, आता बाहेर पडणार अशी वेळ आली असता, याच ‘नाजूक’ नोवित्झ्कीने ३० गुण करून हरता हरता सामना ओढून आणला होता. प्रेक्षकांच्या हिशेबात हा सामना कोठेच जमा झाला नाही.

मग प्रेक्षक मुळात असा हिशेब का करतो? आमच्या समजुतीप्रमाणे कारण असे आहे. कौशल्य ही देणगी आहे, उंची ही देणगी आहे. ती नाही म्हणून कोणी कोणावर रागावत नाही. सात फूट उंच होणे आपल्या हाती नव्हते, हे प्रेक्षकाला पुरते कळते. परंतु धैर्याला काही मोल पडत नाही, ते कोणालाही दाखविता येते, अशी त्याची ठाम समजूत असते. ‘मी त्या जागी असतो तर निदान चेंडूवर झडप तरी घातली असती,’ असे प्रत्येक जण मनात म्हणतो. जी एकच गोष्ट आपणही करू शकलो असतो तीच आपल्या लाडक्या खेळाडूने केली नाही, असे वाटले की त्याला ते आपल्या प्रेमाचा अपमान वाटते. खरे पाहता त्याला त्या जागी कोणी कधी उभे केलेलेच नसते.

यापुढची तीन वर्षे डॅलासच्या लोकांना फारशी सुखाची गेली नाहीत. २००८ आणि २०१० या दोन्ही साली संघ पहिल्याच फेरीत बाद झाला. पण या काळात पडद्याआड संघ बदलत होता. रिक कार्लाइल हे नवे शिक्षक आले. जेसन किड हा अनुभवी खेळाडू आला. २०१० मध्ये टायसन चँडलर हा उंच, चिवट गडी आला. कडीखाली उभे राहून धक्के खाण्याचे व देण्याचे जे काम नोवित्झ्कीकडून लोक इतकी वर्षे मागत होते, ते करण्याकरिता आता निराळा मनुष्य नेमला गेला. २००६ च्या संघातील नोवित्झ्की व जेसन टेरी हे दोघेच २०११ पर्यंत उरले होते. म्हणजे जुन्या पराभवाची आठवण या संघात दोघांना होती; प्रेक्षागारात मात्र ती प्रत्येकाला होती. (टेरी मोठा धीट. त्याने हंगामाच्या आरंभीच आपल्या दंडावर विजयचषक गोंदवून घेतला होता!)

२०११ च्या पहिल्या फेरीत पोर्टलंडविरुद्ध चौथ्या सामन्यात डॅलास २३ गुणांनी पुढे होता, आणि तोही सामना हरला. झाले! ‘हे पुन्हा तेच’ म्हणून सर्वांनी कपाळाला हात लावला. या वेळी मात्र पुढचे दोन्ही सामने जिंकून संघ वर सरकला. त्याने लागोपाठ दोन वर्षांच्या विजेत्या लॉस एंजेलिस लेकर्सला चार सामन्यांत सरळ झोपविले, आणि ओक्लाहोमा सिटीलाही मागे टाकले.

अंतिम फेरीत पुन्हा तेच मायामी. पाच वर्षांपूर्वीचा वेड होताच. शिवाय लेब्रॉन जेम्स व ख्रिस बॉश असे दोन मोठे खेळाडू त्याला येऊन मिळाले होते. पहिला सामना डॅलास हरला आणि नोवित्झ्कीच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाचा स्नायुबंध तुटला. दुसऱ्यात सुमारे सात मिनिटे उरली असता मायामी १५ गुणांनी पुढे. २००६ चे चित्र जणू उलटे करून कोणी टांगले होते. डॅलासने ते अंतर भरून काढले, आणि शेवटचे निर्णायक दोन गुण नोवित्झ्कीने त्याच दुखावलेल्या डाव्या हाताने केले. तिसरा सामना पुन्हा मायामीने जिंकला. चौथ्याच्या वेळी नोवित्झ्कीच्या अंगात १०१ अंश ताप होता. तो सामना डॅलासने तीन गुणांनी जिंकला.

या तापाविषयी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. १९९० साली शिकागोच्या संघातील स्कॉटी पिपेन याला डेट्रॉइटविरुद्धच्या सातव्या सामन्यात अर्धशिशीने ग्रासले. त्याला नीट दिसेना. त्याने दहा वेळा चेंडू टाकला, एकदाच आत गेला, आणि शिकागो हरला. लोकांनी त्याला वर्षभर लेचापेचा ठरविले. पुढे हाच पिपेन सहा विजेत्या संघांत होता. जिंकला तर तापाचे शौर्य होते, हरला तर डोकेदुखीची सबब होते. दुखणे दोघांनीही मागून आणले नव्हते.

तसेच शिक्षकांचे. २००७ मध्ये जॉन्सन यांनी संघ बदलला तेव्हा त्यांना घाबरट म्हटले गेले. २०११ च्या चौथ्या सामन्यात कार्लाइल यांनीही आरंभीचा संघ बदलून बारेआ या सर्वांत बुटक्या गड्याला पुढे आणले. त्यांना चतुर म्हटले गेले. आम्ही स्वतः वर जॉन्सन यांना दोष देऊन बसलो आहोत, तो खोडावा की राहू द्यावा हे आम्हांस ठरविता आलेले नाही. भेद इतकाच दिसतो, की कार्लाइल यांनी तीन सामने प्रतिपक्षाला पाहून मग बदल केला, जॉन्सन यांनी पाहण्यापूर्वी.

१२ जून २०११ रोजी मायामी येथे सहावा सामना झाला. पूर्वार्धात नोवित्झ्कीने बारा वेळा चेंडू टाकला. एकदाच आत गेला! २००७ च्या त्या काळ्या दिवसाहूनही वाईट. तरीदेखील डॅलास दोन गुणांनी पुढे होता, कारण टेरीने तोवर १९ गुण केले होते. शेवटच्या पाळीत नोवित्झ्कीचा हात सुटला, आणि डॅलासने १०५ विरुद्ध ९५ असा विजय मिळवून प्रथमच विजेतेपद घेतले. पहिला अर्धा भाग एवढा फसूनही हा मनुष्य भित्रा ठरला नाही, कारण या वेळी त्याच्या शेजारी भार उचलणारे गडी होते. त्या अंतिम फेरीच्या सहा सामन्यांत मिळून त्याला ४६ फ्री थ्रो मिळाले. त्यांपैकी ४५ त्याने साधले.

‘नाजूक’ हा शब्द मात्र रिकामा राहिला नाही. तो त्याच रात्री दुसऱ्याच्या पदरी जाऊन पडला. लेब्रॉन जेम्स याने चौथ्या सामन्यात अवघे आठ गुण केले होते. त्यामुळे मोठ्या प्रसंगी तो कच खातो, असे आता त्याच्याविषयी बोलले जाऊ लागले. पुढच्याच वर्षी, आणि त्याच्याही पुढच्या वर्षी, त्याच्या संघाने विजेतेपद मिळविले.

सामना संपल्याची शिटी होण्याआधीच नोवित्झ्की मैदान सोडून आत निघून गेला होता. त्याला रडू आवरत नव्हते आणि ते चारचौघांत दिसू नये असे त्याला वाटत होते. चषक घेण्यासाठी त्याला समजावून बाहेर आणावे लागले.

आमच्या संघातील तो मुलगा शाळा सुटल्यावर अजूनही मैदानावर दिसतो. १५ फुटांच्या रेषेवर उभा राहून तो एकटाच फ्री थ्रो टाकीत असतो. कितींपैकी किती आत जातात हे आम्ही व्हरांड्यातून मोजलेले आहे. पण ती संख्या येथे छापणे त्याला आवडणार नाही. त्या दिवशीच्या शब्दाबद्दल आम्ही त्याच्याशी अजून बोललेलो नाही. हा अंक छापून आला म्हणजे पहिली प्रत त्याच्याकडे नेऊन देण्याचे आम्ही ठरविले आहे.